पाठीनं सांगितलेला विनोद

“मी नसलो ना, तर हिला विनोदी मालिका एकटीला बघू देऊ नका. नाहीतर वाट लागेल,” सासरे म्हणाले आणि मी खो खो हसले.

नुकतंच लग्न होऊन घरात आले होते मी. सोफ्याच्या एका कडेला सासरे शेंगा सोलत बसले होते, त्यांना अगदी खेटून सासूबाई, आणि समोर टीव्हीवर दंतवैद्याची मालिका.

“का हो बाबा, त्यांना भूतबीत दिसतं का त्यात?”

“भूत परवडलं,” ते म्हणाले आणि सोललेले दाणे त्यांनी सासूबाईंच्या तळहातावर ओतले. सासऱ्यांच्या दहा वाक्यांतली नऊ थट्टेची असायची. हे दहावं असेल असं माझ्या डोक्यातही आलं नाही.

सासूबाईंना आमच्या इमारतीत सगळे ‘तपासनीस बाई’ म्हणतात. उभा जन्म त्यांनी काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात काढला. सरकत्या पट्ट्यावरून बाटल्या येत राहायच्या, मागून दिव्याचा झोत असायचा आणि सासूबाई स्टुलावर बसून तडा गेलेली बाटली उचलून बाजूच्या पिंपात फेकायच्या. चांगली असेल ती ‘सोडा पुढे’. निवृत्त झाल्यावर बाटल्या गेल्या, नजर राहिली. मग ती नजर त्यांनी टीव्हीकडे वळवली.

मालिकांबद्दल त्यांची मतं ऐकायला शेजारच्या बायका मुद्दाम यायच्या.

“लिफ्ट बंद पडलेल्या इमारतीची मालिका आहे ना, तिचा पहिला सीझन म्हणजे सोडा पुढे. दुसऱ्यात केसाएवढी बारीक चीर आहे, पण चालेल, पाणी गळणार नाही. तिसऱ्याला मात्र तडा! सरळ पिंपात.”

“अहो, पण तिसऱ्याला बक्षीस मिळालंय म्हणे,” एखादी म्हणायची.

“बक्षीस देणाऱ्यांनी दिवा लावून बघितली नसेल.”

दंतवैद्याच्या पहिल्या सीझनमधला एक विनोद त्यांचा फार लाडका. पेशंट खुर्चीत बसून थरथरत विचारतो, “डॉक्टर, दुखणार तर नाही ना?” आणि दंतवैद्य सांगतो, “दुखलं तर अगदी मोठ्यानं ओरडा. बाहेर तिघं बसलेत, ते पळून जातील. मला आज लवकर घरी जायचंय.” हे सांगताना त्या स्वतःच इतक्या हसायच्या की शेवटचे शब्द डोळे पुसता पुसता यायचे. सासरे तेव्हा छताकडे बघत बसलेले असायचे, अगदी साळसूदपणे.

मग सासरे गेले. दुपारी पेपर वाचता वाचता मान कलली, एवढंच. त्यांच्यानंतर काही महिन्यांनी माझी मुलगी जन्मली. तिचा आवाज असा की तिच्या बापानं दवाखान्यातच तिचं नाव ‘भोंगा’ ठेवलं. आणि त्याच सुमाराला सगळ्या मालिकांचे नवे सीझन सुरू झाले.

सासूबाई ते बघायच्या, पण हसायच्या नाहीत. हाताची घडी, कपाळाला आठी, आणि एकेक भाग संपला की निकाल.

“दंतवैद्यानं दाढी कशाला वाढवलीय? तोंड झाकून कोणी विनोद सांगतं का?”

“आई, फॅशन आहे हल्ली.”

“आणि ही लिफ्टवाली मंडळी. पहिल्या सीझनला समोर बघून बोलायची. आता बघावं तेव्हा खिडकीपाशी जाऊन पाठ फिरवून उभी. पाठीला काय विनोद सांगता येतो? त्यात सगळा अंधार. एवढ्या बक्षिसांत एक बल्ब नाही आणता आला?”

मला ह्या मतांची मजा वाटायची. माझ्या नवऱ्याला मात्र काळजी वाटायला लागली. थोरल्या भावाचा फोन आला की सासूबाई ‘फोन म्हणजे नसती कटकट’ म्हणून धाकट्याच्याच हातात द्यायच्या. मग नवरा त्याला सांगायचा, “दादा, आई आता हसतच नाही रे.” त्यात एकदा दंतवैद्याचा तो जुना भाग परत लागला, आणि नवरा थबकला. विनोद आईनं सांगितला तसा नव्हताच. पेशंट विचारतो, “दुखणार तर नाही ना?” आणि दंतवैद्य म्हणतो, “छे, मला सवय आहे.” बस्स, एवढंच. ना बाहेरचे तिघं, ना लवकर घरी जाणं.

“बघितलंस?” तो मला स्वयंपाकघरात नेऊन म्हणाला. “आई मनानं गोष्टी रचते. ही सुरुवात असते.”

“कसली सुरुवात?”

त्यानं कपाळाशी बोट नेलं आणि नळ सोडून हात धुवायला लागला.

मी तशी घाबरटच. बाळंतपणानंतर तर विचारूच नका. भोंगा झोपली की श्वास चालू आहे ना म्हणून तिच्या नाकाशी बोट धरायची, आणि त्यानं ती जागी झाली की स्वतःवर चिडायची. जन्मल्यावर दवाखान्यातल्या नर्सनं तिच्या पाठीमागे खुळखुळा वाजवून तिचे कान तपासले होते. ते मला इतकं पटलं की पुढे महिनाभर मी रोज घरी तीच तपासणी घेत होते. सासूबाई भोंगाचा पाळणा टीव्ही आणि स्वतःची खुर्ची ह्यांच्या मधोमध ठेवायच्या. टीव्हीच्या उजेडानं पोरीचे डोळे बिघडतील म्हणून मी तो उचलून आतल्या खोलीत नेला. सासूबाईंनी तो परत बाहेर आणला. मी परत आत नेला. माझी रजा संपत आली होती आणि पोरीला त्यांच्याकडे सोपवूनच मला कामावर जायचं होतं. नियम आत्ताच बसवलेले बरे, असा माझा हिशेब.

आणि एका सकाळी मी गच्चीवर कपडे वाळत घालून खाली आले तर जिन्यातच भोंगाचं रडणं ऐकू आलं. साधं रडणं नव्हे. बराच वेळ रडून घसा बसला की कसा चिरका आवाज येतो, तसा. मी धावत आत गेले. पोर पाळण्यात निळीजांभळी झालेली. आणि बाहेरच्या खोलीत, दार सताड उघडं, सासूबाई खुर्चीत हाताची घडी घालून लिफ्टवाल्यांचा चौथा सीझन बघत बसलेल्या.

मी पोरीला घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. “आई, ऐकू नाही आलं तुम्हाला?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, पोरीकडे बघितलं. चेहरा क्षणभर पार उतरला. मग हनुवटी वर गेली.

“आलं की. उठले नाही. रडू द्यावं थोडं, फुप्फुसं मजबूत होतात.”

त्या दिवशी मी त्यांच्याशी बोलले नाही. नवऱ्याला सगळं सांगितलं, आणि मग चक्रं फिरली.

आम्ही सासूबाईंना ज्यांच्याकडे नेलं, ते डॉक्टर शांत स्वभावाचे होते. मास्क लावून, संगणकाकडे बघत एकेक प्रश्न विचारत होते. तीन शब्द सांगतो, ते लक्षात ठेवा म्हणाले. सासूबाईंनी एकही सांगितला नाही. आज वार कोणता म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “चार. दोन मुलगे, दोन सुना.” नवऱ्यानं खाली मान घातली. मग डॉक्टरांनी विचारलं, पूर्वी ज्या गोष्टीत आनंद वाटायचा, त्यात आता रस वाटत नाही असं होतं का? सासूबाई नुसत्या बघत राहिल्या. तेव्हा नवऱ्यानं त्यांच्याकडे वळून तोच प्रश्न परत सांगितला.

हा मात्र थेट पोचला.

“माझा रस आहे तिथंच आहे. मालिका नासल्यात!” त्या कडाडल्या. “डॉक्टर, तुम्ही दंतवैद्याचा नवा सीझन बघा. सगळाच्या सगळा बघा. नाही तुम्ही स्वतःला गोळ्या लिहून दिल्यात, तर मी येते परत.”

डॉक्टर मास्कच्या आत हसले असावेत, डोळे बारीक झाले. पण कागदावर त्यांनी ‘पुढील तपासण्या’ लिहिलंच.

थोरल्या भाऊजींना तेवढं पुरलं. फोनवर त्यांचा आवाज कामाच्या बैठकीतल्यासारखा. “मी एक जागा बघितलीय. वयस्क लोकांसाठी, चोवीस तास माणसं असतात. रविवारी येतो आणि घेऊन जातो. बाळाची रिस्क आपण घ्यायची नाही.”

खरं सांगू? त्या क्षणी मला हायसं वाटलं. पोरीची आई होते मी.

शनिवारी दुपारी नवरा नवीनच सुरू झालेली एक विनोदी मालिका लावून बसला होता. परदेशी होती, पण आपल्या भाषेत आवाज दिलेली. तो हसून हसून लोळत होता. आई आणखी एक दिवस घरात आहे, तिला काहीतरी हसरं दाखवावं, हाही त्याचा हेतू असेल. सासूबाई भोंगाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. माझा डोळा त्यांच्यावरच.

“हे कुठल्या भाषेत बोलतायत?” त्यांनी विचारलं.

नवऱ्याचं हसू जागच्या जागी विझलं. “आई, आपल्याच भाषेत बोलतायत.”

“आपल्या? काहीतरीच! तोंड बघ त्यांचं.”

नवरा उठून आत गेला. मला आतून हुंदका ऐकू आला, पण मी जागची हलले नाही. कारण मी टीव्हीवरच्या तोंडांकडे बघत होते. सासूबाई म्हणाल्या म्हणून, अगदी नीट. आवाज आपल्या भाषेतला होता. ओठ भलतंच काहीतरी बोलत होते.

दाढी. अंधार. पाठ फिरवून बोलणारी माणसं. मास्क. वार की परिवार. ‘फोन म्हणजे नसती कटकट’ म्हणून कायम दुसऱ्याच्या हातात दिलेला फोन. पाळणा, जो त्यांना सतत डोळ्यांसमोर हवा होता.

मी भोंगाचा खुळखुळा उचलला, त्यांच्या खुर्चीमागे गेले आणि त्यांच्या कानाजवळ वाजवला. सासूबाईंची मान हलली नाही. मांडीवरच्या भोंगानं मात्र गर्रकन मान वळवली आणि बोळकं पसरलं. पोरीला वर बघताना पाहून मग सासूबाई वळल्या. माझ्या हातातला खुळखुळा त्यांनी बघितला. पुष्कळ वेळ बघितला.

मी पुढे येऊन त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. आवाज न काढता, फक्त ओठांनी विचारलं, “कधीपासून?”

त्यांनीही तसंच, बिनआवाजी उत्तर दिलं. मला पहिल्यांदा कळलं नाही. मग त्या हसल्या, फार दिवसांनी. “कच्ची आहेस तू. कारखान्यात आम्ही सगळ्या अशाच बोलायचो. बाटल्यांचा खणखणाट इतका की कानात कापूस घातला तरी डोकं फुटायचं. ओठ वाचायचे. पट्ट्याच्या ह्या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईशी सासूची निंदा करायची आणि मुकादमाला पत्ता नाही!”

“आणि कान?”

“ते तिथंच राहिले. दर वर्षी तपासणी व्हायची, नापास झाली ती बाई घरी. आम्ही एकमेकींना खुणा करून पास करायचो.”

“पण आई, घरात लपवायचं कशाला? परवा तुम्ही ऐकू आलं म्हणालात, तेव्हा मला वाटलं...”

“की सासू दुष्ट आहे. वाटू दे.” त्यांचा हात भोंगाच्या डोक्यावरून फिरत होता. “बहिरी म्हटलं ना, की माणसं आधी ओरडतात. मग लहान पोराशी बोलावं तसं बोलतात. मग बोलायचीच थांबतात. त्यापेक्षा खडूस बरी. खडूस बाईला निदान विचारून तरी काम करतात.”

“आणि मालिका? बाबा असताना तुम्ही इतक्या हसायचात...”

“ह्यांचं पोट हललं की हसायचे. खेटून बसायचं कशाला, तुला काय वाटलं, प्रेम उतू चाललंय?” त्या म्हणाल्या. “नुसतं तेवढंच नाही. जाहिराती लागल्या की माझ्याकडे तोंड करून सगळं सांगायचे. कोण काय म्हणालं ते. शब्दन् शब्द.”

दंतवैद्य, बाहेरचे तिघं आणि लवकर घरी जाणं. मला काय कळलं ते मी त्यांना तेव्हा सांगितलं नाही.

“कोणाला बोलायचं नाहीस,” त्या म्हणाल्या. “शपथ घे पोरीची.”

पोरीची शपथ मी घेत नाही. पण शब्द दिला.

रविवारी भाऊजी आले. येतानाच रिकामी बॅग घेऊन आले होते. चहाचा कप हातात घेऊन खिडकीपाशी उभे राहिले, बाहेर बघत, आमच्याकडे पाठ करून. बोलायला अवघड असलं की माणसं खिडकीपाशीच का जातात कोण जाणे. “आईचं सामान जास्त नको. तिकडे टीव्ही आहेच. तिला काय, तोच लागतो. कपडे, औषधं, झालं. ती काही म्हणाली तरी आता मनावर घ्यायचं नाही, तिला कळत नाहीये.”

सासूबाई त्यांच्या पाठीकडे बघत होत्या. नव्या सीझनकडे बघायच्या, अगदी तशाच. मांडीवर भोंगा, कपाळाला आठी. त्यांचं पुढचं सगळं आयुष्य त्या पाठीवर ठरत होतं आणि त्यांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं.

घाबरट माणसाला राग आला की तो जरा जास्तच येतो.

“भाऊजी, समोर बघून बोला!”

माझा आवाज भोंगाच्या वरताण लागला. कप हिंदकळला. नवरा म्हणाला, “अगं...”

“अगं नाही आणि तगं नाही. ज्यांच्याबद्दल बोलताय, त्या तुमच्या मागे बसल्यात. त्यांच्याकडे तोंड करा, उजेडात या आणि मग काय बोलायचं ते बोला. तोपर्यंत ह्या घरातून बॅग हलणार नाही.”

“का पण?” भाऊजी वळले. “काय फरक पडतो?”

मी शब्द दिला होता. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग थोरल्याकडे, मग धाकट्याकडे. भोंगाला त्यांनी माझ्या हातात दिलं, पदर सारखा केला आणि उभ्या राहिल्या.

“कारण मला ऐकू येत नाही,” त्या म्हणाल्या. “बहिरी आहे मी. वेडी नाही. परवा पोरगी रडत होती ते मला ऐकू आलं नाही, आणि मी खोटं बोलले. तेवढा एक तडा माझा. बाकी बाटली शाबूत आहे. आता आण ती बॅग इकडे, जुने पेपर ठेवायला बरी आहे.”

भाऊजी मटकन बसले. मग उजेडाकडे तोंड करून, अगदी हळू म्हणाले, “आई, फोनवर तू माझ्याशी बोलायची नाहीस. मला वाटायचं, तुझा राग आहे.”

“तोही होताच,” सासूबाई म्हणाल्या.

आता त्यांच्या दोन्ही कानांत यंत्रं आहेत. पहिले काही दिवस त्या नळ ठिबकला तरी दचकायच्या. पाळणा टीव्ही आणि त्यांच्या मधोमध आहे, मीच तिथं ठेवला. मी कामावर जाते. डोक्यातली काळजी गेलेली नाही, ती जायची नाही, पण ती मी बरोबर घेऊन जाते.

यंत्रं बसवल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं असेल? लिफ्टवाल्यांचा तिसरा आणि चौथा सीझन पुन्हा पहिल्यापासून बघितला. मग दंतवैद्याचा नवा. आम्ही दोघं श्वास रोखून शेजारी. शेवटचा भाग संपला. त्यांनी रिमोट ठेवला.

“आता शब्दन् शब्द ऐकला,” त्या म्हणाल्या. “तडाच आहे. मी म्हणतच होते!”

नवरा इतका हसला की भोंगा जागी झाली, आणि तिच्या पहिल्या सुराला सासूबाई उठून उभ्या.

मग एका रविवारी त्यांनी दंतवैद्याचा पहिला सीझन लावला. मला लावू द्यायचा नव्हता, पण मी कोण अडवणार? सोफ्याच्या त्याच कडेला बसल्या, शेजारची जागा सोडून. मालिकेतल्या लोकांच्या हसण्याचा आवाज आला तशा दचकल्या. “हे कोण हसतंय?”

“ते आधीच भरून ठेवलेलं हसू असतं, आई. सगळ्या जुन्या मालिकांना असतं.”

“घाईनं हसतात. हे जरा थांबून हसायचे.”

पेशंट खुर्चीत बसला. दुखणार तर नाही ना, त्यानं विचारलं. छे, मला सवय आहे, दंतवैद्य म्हणाला. भरून ठेवलेली माणसं खदखदा हसली. सासूबाई वाट बघत राहिल्या. बाहेरच्या तिघांची, लवकर घरी जाण्याची. पुढचा प्रसंग सुरू झाला.

त्यांनी हात उचलून एकेक यंत्र कानातून काढलं, तळहातावर ठेवलं, शेंगदाणे ठेवावेत तसं. “ह्याला लिहिता येत नव्हतं,” त्या टीव्हीकडे हनुवटी करून म्हणाल्या. “आमच्याकडचं बरं होतं.” आणि पुढचा सगळा भाग त्यांनी तसाच बघितला, आवाजाशिवाय, रिकाम्या जागेकडे किंचित कलून. मधेच एकदा हसल्यासुद्धा, जरा थांबून.

तुमच्या ओळखीत कोणी असेल. आई, मामा, शेजारच्या आजी. हल्लीच्या मालिकांत राम नाही म्हणणारं, हाताची घडी घालून कोरड्या चेहऱ्यानं बघत बसणारं. वय झालं, असं म्हणून सोडू नका. आजच जाऊन या. दारातून हाक मारू नका, पाठीमागून तर नाहीच. समोर जाऊन बसा, उजेडाकडे तोंड करा, आणि विचारा, नवा सीझन कसा वाटला. उत्तर येईपर्यंत उठू नका.